उजव्या नाकपुडीतली नथ

१

आप्पासाहेब रिसबुडांची सही कुणीतरी चित्रावरून खरवडून काढली, आणि हे काम प्रेमला हळबे यांचंच, असं प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळानं चहा यायच्या आत ठरवूनही टाकलं. पुण्यात निकाल आधी लागतो. पुरावा मागाहून सावकाश येतो, आणि नाही आला तरी कुणाचं काही अडत नाही.

साल त्रेसष्ट. टिळक रस्त्यावरच्या एका सभागृहात 'आप्पासाहेब रिसबूड आणि त्यांचे शिष्य' या प्रदर्शनाचं उद्घाटन त्याच संध्याकाळी पाचला व्हायचं होतं. आप्पासाहेब एकोणसाठ साली वारले. शिष्य त्यांचे बरेच, शिष्या मात्र एकच, प्रेमलाबाई. बाई आता पासष्टीच्या. भर मंडईत तिवई मांडून त्यांनी भाजीवाल्या रंगवल्या होत्या, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून सुटणाऱ्या बायका रंगवल्या होत्या. लोक हसले, पोरं हुर्यो करत मागं लागली, बाई रंगवत राहिल्या. पण पुण्यातल्या एकाही सभागृहानं त्यांच्या चित्रासाठी आजवर भिंतीत खिळा ठोकला नव्हता. आता कुठं शेवटच्या भिंतीवर त्यांची बारा चित्रं लागली होती, आणि लगेच ती उतरवायची भाषा सुरू झाली होती.

ॲडव्होकेट उल्का आगटे सायकल भिंतीला टेकवून आत शिरली ती घुश्शातच. शिवाजीनगर कोर्टात तिची वकिली चालायची, आणि तोंडाळ म्हणून ख्याती होती. शाळेत प्रेमलाबाई तिला चित्रकला शिकवायच्या. आठवीत असताना तिच्या वहीकडे बघून बाई म्हणाल्या होत्या, "तुझ्या हाताला रेघ नाही, पण जीभ आहे. वकील हो." उल्कानं ते मुकाट्यानं ऐकलं. आयुष्यात मुकाट्यानं ऐकलेली ती एकच गोष्ट.

चित्र मधल्या भिंतीवर होतं. बावीसेक वर्षांची मुलगी, हिरवं नऊवारी, नाकात नथ, आणि नजर अशी की बघणाऱ्याला जाब विचारतेय. एक हात मांडीवर, त्यातली बांगडी न् बांगडी मोजून घ्यावी इतका स्वच्छ. दुसरा, डावा हात मात्र खांद्यापासून खाली धूसर होत गेलेला, अर्धवट सोडल्यासारखा. चौकटीच्या खालच्या पट्टीवर चकचकीत पितळी पाटी: 'शिष्या – चित्रकार आप्पासाहेब रिसबूड'. बाकीच्या चित्रांखाली साध्या कागदी चिठ्ठ्या होत्या.

चित्राच्या खालच्या कडेनं तपकिरी पाणरेघ गेली होती. तिच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नव्हतं. एकसष्टच्या जुलैत पानशेत फुटलं, तेव्हापासून नदीकाठच्या प्रत्येक घरात भिंतीला, कपाटाला, देव्हाऱ्याला ती रेघ होतीच. रिसबुडांचं घर शनिवार पेठेत, नदीला लागून. उजव्या कोपऱ्यात, बरोबर त्या रेघेवर, सही खरवडली होती. काम पात्यानं, हलक्या हातानं केलेलं दिसत होतं.

"बाबांची सही पुसली म्हणजे बाबा पुसले जात नाहीत," यज्ञेश्वर रिसबूड शांतपणे म्हणाले. आप्पासाहेबांचे हे चिरंजीव, कॉलेजात प्राध्यापक, पन्नाशी ओलांडलेले. आवाज इतका मऊ की माणसाला संशय यावा. त्यांची मागणी साधी होती. प्रेमलाबाईंनी पाचच्या आत लेखी माफी मागावी आणि चित्र आप्पासाहेबांचं आहे हे त्यात कबूल करावं. नाहीतर पोलिसात तक्रार, आणि बाईंची बाराही चित्रं खाली.

"बाई गेली चाळीस वर्षं म्हणताहेत, चित्र त्यांचं आहे," उल्का म्हणाली.

यज्ञेश्वर हसले. त्यांनी छडीचं टोक चित्रातल्या मुलीच्या नाकाकडे नेलं. "तुम्ही बाईमाणूस आहात, तुम्हीच सांगा. नथ कुठं घालतात? डाव्या नाकपुडीत. इथं कुठं आहे? उजव्या. पदर बघा, तोही उजव्या खांद्यावरून. पुरुषाकडून अशी चूक होते. स्वतःची नथ कुठली बाई चुकेल?"

उल्कानं बघितलं. नथ खरोखरच उजव्या बाजूला होती.

२

मंडळाचे सचिव माधव टिपणीस तिला पोचवायला दारापर्यंत आले. माणूस सज्जन, पण भांडणाला इतका भ्यायचा की स्वतःच्या सावलीशीसुद्धा जमवून घेईल. त्यांच्याकडून उल्कानं आदल्या दिवसाची हकीकत काढून घेतली.

आदल्या सकाळी माधवरावांनी सगळ्यांना आनंदाची बातमी दिली होती. मुंबईच्या एका संग्रहालयाचे तज्ज्ञ उद्घाटनाला येणार होते. 'शिष्या' नीट तपासायची, पसंत पडली तर आप्पासाहेबांच्या नावानं तिकडे एक दालन करायचं, असं घाटत होतं. संध्याकाळी दार बंद व्हायच्या आधी तिघंजण चित्रापाशी एकटे असे होते. आधी यज्ञेश्वर, चौकट पुसत. मग वासंती भोकरे, प्रेमलाबाईंची विद्यार्थिनी, चिठ्ठ्या डकवत. आणि मग स्वतः प्रेमलाबाई. बाई त्या चित्रासमोर स्टूल ओढून किती वेळ बसल्या होत्या. दार लावायच्या आत यज्ञेश्वर फडकं घेऊन पुन्हा एकदा चौकटीपाशी जाऊन आले, आणि सकाळी दार उघडलं तर सही गायब.

"आणि ही पितळी पाटी?"

"ती यज्ञेश्वररावांनी सकाळीच आणून ठोकली. सही गेली, निदान नाव तरी राहू दे म्हणाले. डोळ्यात पाणी होतं हो त्यांच्या."

उल्का तिथून सदाशिव पेठेत प्रेमलाबाईंच्या दोन खोल्यांत गेली. बाई खिडकीपाशी बटाट्याच्या काचऱ्या करत होत्या. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, बोटांच्या पेरांत निळा रंग. पोलिसाचं नाव काढलं तरी सुरीचा ताल चुकला नाही.

उल्कानं सरळच विचारलं, सही तुम्ही खरवडलीत का?

"मी खरवडली असती," बाई म्हणाल्या, "तर जागा रिकामी ठेवून आले असते का? तिथं माझं नाव लिहून आले असते."

उल्काला हसू आलं आणि बरंही वाटलं. चित्राची कथा तिनं पूर्वी तुकड्यातुकड्यांनी ऐकली होती, आज बाईंनी ती सलग सांगितली. वीस साल. आप्पासाहेबांच्या घरी माजघरात बसून त्यांनी ते काढलं. सासऱ्यांना कळलं तेव्हा ते म्हणाले, बाईचं तोंड भिंतीवर टांगायचं असेल तर तिनं आधी मरावं लागतं. म्हणून चित्र सासरी आलंच नाही, गुरूच्या घरातल्या बोळात टांगलेलं राहिलं, विनासहीचं. आप्पासाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, ही आमच्या प्रेमलेची करामत. पुढं बाईंचे यजमान गेले, सासरे गेले, शेवटी आप्पासाहेबही गेले आणि सांगणारं कुणी उरलं नाही.

"विनासहीचं? मग ती सही आली कुठून?"

"काल संध्याकाळीच पहिल्यांदा बघितली मी. छान वळणदार होती."

"बाई, नथ उजवीकडे का आहे?"

बाईंनी सुरी खाली ठेवली. "मी नथ चुकवलेली नाही. बघ की, डोळे आहेत ना तुला?"

उल्का चिडली. तिकडे पाच वाजता बाराही चित्रं खाली उतरणार, आणि ह्या इथं कोडी घालत बसल्यात. एका वाक्यात सांगून टाकायला काय जातं, असं तिनं जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"चाळीस वर्षं सांगतेच आहे. मी सांगितलं की ते रडगाणं होतं. माझ्या तोंडून ऐकलंस तर तू माझी बाजू मांडशील. स्वतः पाहिलंस तर भांडशील. आणि माफीबिफी मी मागणार नाही, हे त्या यज्ञूला सांग. पोलिसांना म्हणावं, येताना पायताणं बाहेर काढा, फरशी आत्ताच पुसलीय."

उल्का जिना उतरली तो खाली वासंती उभी होती. रडून डोळे सुजलेले. उल्कानं काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "उल्काताई, बाईंना सोडा. सही मी खरवडली."

३

समोरच्या दुकानात दोन चहा सांगून उल्कानं वासंतीला बाकावर बसवलं. पोरगी पंचविशीची, शाळेत चित्रकला शिक्षिका, बाईंसाठी जीव टाकणारी. आप्पासाहेबांची खोटी सही बघून डोकं फिरलं आणि हातातल्या पात्यानं खरवडली, असं ती घडाघडा बोलत होती. पाठ केलेला धडा म्हणतात तसं.

उल्कानं सगळं ऐकून घेतलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "खाली ती पितळी पाटी आहे, तिची अडचण नाही झाली? हात कसा पोचला?"

"झाली ना. पण मी पाटीच्या वरून तिरकं पातं धरलं."

"वासंती, पाटी आज सकाळी ठोकलीय. काल संध्याकाळी ती तिथं नव्हतीच."

वासंतीनं कपात तोंड घातलं. मग हळूच म्हणाली, मला वाटलं, माझी नोकरी गेली तर दुसरी मिळेल, बाईंना दुसरं प्रदर्शन कुठं मिळणार. उल्काला तिचा रागही आला आणि मायाही वाटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं तिला सुनावून तिनं चहाचे पैसे दिले.

"आता खरं सांग. बाई काल त्या चित्रासमोर बसल्या, तेव्हा काही बोलल्या का?"

"मी पलीकडच्या भिंतीपाशी होते. बराच वेळ नुसत्या बघत होत्या. कोपऱ्यापाशी वाकल्या, आणि चक्क हसल्या. म्हणाल्या, आप्पासाहेबांचा हात अजून चालतो म्हणायचा. मला वाटलं, टोमणा असेल."

उल्कालाही तसंच वाटलं. पण तिच्या डोक्यात आता दुसरंच घोळत होतं. सही गेल्याचं सकाळी दार उघडल्यावर कळलं, आणि थोड्याच वेळात पाटी ठोकलीसुद्धा. एवढ्या वेळात कसब्यातला कुठला कारागीर पितळेवर नाव कोरून देतो?

४

कसबा पेठेत पितळेवर नावं कोरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिसऱ्या दुकानात, पाटीवरचा मजकूर सांगताच, बजरंग नावाच्या कारागिरानं ती ओळखली. हो, रिसबूड प्रोफेसरांची. काल दुपारी सांगून गेले, संध्याकाळी जाताना घेऊन गेले.

"काल दुपारी? नक्की?"

"कालच. आज सकाळी उघडून मी पहिलं काम हेच घेतलंय की." त्यानं हातातला पितळी शिक्का दाखवला आणि पुन्हा मान खाली घातली.

उल्का तिथंच उभी राहिली. सही खरवडली गेली काल संध्याकाळी. त्या जागी पाटी लागणार, हे यज्ञेश्वरांना काल दुपारीच ठाऊक होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, ते काही उगाच नाही.

पण का? वडिलांचं नाव पुसायला मुलगा कशाला हात लावील? ज्या सहीवर सगळा दावा, तीच सही कोण नाहीशी करील? इथं तिचं डोकं अडलं. आणि पाटीचं गौडबंगाल उलगडलं तरी बाईंना काय मिळणार होतं? सही कुणी का खरवडेना, नथ उजवीकडे होती ती होतीच. यज्ञेश्वर म्हणणार, चित्र बाबांचंच.

बजरंग कुठल्याशा सहकारी सोसायटीचा शिक्का कोरत होता. अक्षरं सगळी उलटी. उल्का नुसती बघत होती. त्यानं काम झाल्यावर शिक्का शाईत बुडवून कागदावर उठवला, आणि उलटं नाव सुलट होऊन बसलं. भिंतीवर दाढीपुरता एक आरसा टांगला होता. उल्काची नजर त्यात गेली. आरशातल्या बाईच्या साडीचा पदर उजव्या खांद्यावर होता.

उल्कानं स्वतःच्या खांद्याला हात लावला. पदर डावीकडेच होता.

"काखेत कळसा," ती मोठ्यानं म्हणाली. बजरंगनं वर बघितलं, पण वकीलबाईंना काही विचारण्याच्या भानगडीत तो पडला नाही. पाचला टिळक रस्त्यावरच्या सभागृहाशी ये, असं तिनं सांगितलं, त्यालाही त्यानं नुसती मान डोलावली.

परतताना ती मुद्दाम शनिवारातून, नदीच्या अंगानं आली. अर्धं कोडं सुटलं होतं, अर्धं सतावत होतं. एका जुन्या घराच्या चौकटीवर डाव्या बाजूला कुणीतरी कधीकाळी तांबड्या रंगात 'शुभ' लिहिलं होतं. पुराची तपकिरी रेघ त्या अक्षरांच्या अंगावरून गेली होती, अक्षरं गाळानं मळलेली. उजव्या बाजूला 'लाभ' मात्र नवं, पुरानंतर लिहिलेलं. ते रेघेच्या अंगावरच रंगवलं होतं, तांबडं लालबुंद, आणि रेघ त्या रंगाखाली झाकली गेली होती.

उल्कानं ब्रेक इतका करकचून दाबला की मागचा टांगेवाला तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत पुढं गेला. तिनं ते ऐकलंच नाही. आप्पासाहेबांचा हात अजून चालतो, बाई म्हणाल्या होत्या. तो टोमणा नव्हता.

तिनं सायकल वासंतीच्या घराकडे वळवली. वासंतीला दोनच गोष्टी सांगितल्या. मिळेल तिथून एक मोठा आरसा घेऊन ये, आणि बाईंना म्हणावं, उल्कानं पाहिलं.

५

पाचच्या आधीच सभागृह भरलं होतं. मुंबईचे तज्ज्ञ आले होते, एक ठेंगणे, टकले, कमी बोलणारे गृहस्थ. माधवराव घाम पुसत होते. शेवटच्या भिंतीपाशी दोन गडी बाईंची चित्रं उतरवायला उभे होते, नुसता हुकमाचा अवकाश.

उल्कानं यज्ञेश्वरांना नमस्कार केला आणि फार आदरानं विचारलं, आपल्या वडिलांनी या चित्रावर सही नक्की कधी केली?

"वीस सालीच. चित्र पुरं झालं त्या दिवशी. मी आठ वर्षांचा होतो, माझ्यादेखत केली."

"आणि ते वारले एकोणसाठ साली."

"सगळ्या पुण्याला माहीत आहे."

"सगळ्या पुण्याला आणखी एक गोष्ट माहीत आहे. एकसष्टला पूर आला." मग ती पाहुण्यांकडे वळली. "आपण भिंग आणलं असेल. त्या कोपऱ्यात बघता का? सही वीस सालची असती, तर गाळाचं पाणी सहीच्या वरून चढलं असतं. मग सही खरवडल्यावर तिच्याबरोबर डागही निघाला असता, अक्षरांच्या आकाराची स्वच्छ जागा उरली असती. तसं दिसतं का?"

पाहुणे वाकले. बऱ्याच वेळानं ते उठले आणि रुमालानं भिंग पुसत म्हणाले, "डाग सलग आहे. अक्षरांच्या खालून गेलेला आहे. सही डागाच्या वर होती."

"म्हणजे पुरानंतरची. म्हणजे आप्पासाहेबांनी जाऊन दोन वर्षं उलटल्यावर येऊन सही केली," उल्का म्हणाली. "थोर माणूस. पण मी वकील आहे, मला जिवंत माणसावर संशय घ्यावा लागतो. ती सही ज्यानं केली त्याला काल सकाळी कळलं की मुंबईहून भिंग येतंय. सही राहिली तर तो पकडला जातो. खरवडून टाकली आणि आळ बाईंवर घातला तर एका दगडात दोन पक्षी. फक्त चित्रावर नाव तर हवं. म्हणून काल दुपारी कसब्यात जाऊन त्यानं पाटी करायला टाकली, सही जागेवर होती तेव्हाच. यज्ञेश्वरराव, सही जाणार हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं? पाटी कोरणारा दारातच उभा आहे, बोलावू का आत?"

यज्ञेश्वरांचा चेहरा पडला, पण आवाज मऊच राहिला. मुरलेला माणूस. सही अस्पष्ट होती, आपण ती फक्त गिरवली, असं ते म्हणाले. मग वाद नको म्हणून काढून टाकली. चूक झाली असेल, पण ती वडिलांवरच्या प्रेमापोटी. "आणि सहीचं सोडा. चित्र बाबांचंच आहे. त्या नथीचं काय उत्तर आहे तुमच्याकडे? कुठली बाई स्वतःची नथ चुकेल?"

उल्का उत्तर द्यायला वळली, आणि तिची नजर दाराकडे गेली.

दारातून प्रेमलाबाई आत येत होत्या. मागं वासंती आणि एक हमाल, दोघांनी मिळून पुरुषभर उंचीचा आरसा धरलेला. बाईंनी हिरवं नऊवारी नेसलं होतं, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. आणि नाकात नथ होती. तीच, चित्रातली.

पस्तीस वर्षं वैधव्यात काढलेली बाई नथ घालून भर सभेत आली होती. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तोंडाला पदर लावला. कुणीतरी मागून 'शिव शिव' म्हणालं. आरसा तिनं मागितला होता. नथ तिनं मागितली नव्हती.

बाई कुणाकडे न बघता चित्रापाशी गेल्या. आरसा चित्राच्या शेजारी उभा केला. बाई आरशासमोर उभ्या राहिल्या, पाठ सगळ्या सभेकडे, तोंड आरशाकडे.

"बघा आता," उल्का म्हणाली. "बाईंची नथ डाव्या नाकपुडीत आहे, पदर डाव्या खांद्यावर. आरशात बघा. नथ कुठं दिसते? पदर कुठं दिसतो? आणि चित्रात? समोर बसवून दुसऱ्यानं काढलं असतं, तर नथ जिथं असते तिथंच आली असती. ही उलटी येते फक्त एकाच माणसाला, जो स्वतःचंच तोंड आरशात बघून काढतो त्याला. तो धूसर हात बघा. चित्रात डावा दिसतो, म्हणजे खरा उजवा. तो अर्धवट का राहिला? कारण तो हात चित्र काढत होता. तो एका जागी थांबणार कसा?"

पाहुणे चित्राकडे बघत होते, मग आरशाकडे, मग पुन्हा चित्राकडे. "नथ चुकलेली नाही," ते म्हणाले. "नथ हीच साक्ष आहे. स्वतःचं चित्र आहे हे. माझी खात्री आहे."

बाई आरशातूनच यज्ञेश्वरांकडे बघत होत्या. "यज्ञू, तुला सगळं ठाऊक होतं. तुझ्या आईचा माजघरातला आरसा होता तो. मी रंगवायला बसले की तू मागं उभा राहून त्यात वेडावून दाखवायचास. तुझ्या बापानं कधी माझं श्रेय घेतलं नाही. तू मात्र त्याला मेल्यावर चोर करायला निघालास."

यज्ञेश्वर छडी उचलून दाराकडे निघाले. माधवरावांनी पितळी पाटी उपटायला पक्कड मागवली होती आणि ते बाईंना विचारत होते की आता चित्रावर सही कराल का. तेव्हा दाराशी पोचलेले यज्ञेश्वर वळून म्हणाले, "करा, करा सही. पण कुणीही शहाणा माणूस भिंग लावून सांगेल, ही सही पुरानंतरची आहे म्हणून."

"आहेच पुरानंतरची," बाई म्हणाल्या. वासंतीच्या डब्यातून त्यांनी बारीक ब्रश निवडून घेतला. "पण मी पुरानंतरही जिवंत आहे."

आणि त्यांनी बरोबर त्या तपकिरी रेघेवर आपलं नाव लिहिलं. शेवटच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या गड्यांना माधवरावांनी घरी पाठवलं, बाराही चित्रं जागची हलली नाहीत. नथ काही बाईंनी उतरवली नाही. पुढच्या रांगेतल्या बाई टक लावून बघत असताना उद्घाटनाचा चहासुद्धा त्या, एका बोटानं नथ सावरत, सावकाश प्यायल्या.